निवृत्ती मिस्त्रीचा बिनतारी कान

निवृत्ती मिस्त्रीला मी शहाणा म्हणणार नाही. गाव त्याला येडा म्हणायचं, तेही मला कधी पटलं नाही. माणूस एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की त्याला आजूबाजूचं दिसेनासं होतं, एवढंच त्याचं होतं. पण त्या एवढ्यापायी एका पोरीचं घर गेलं. ते आठवलं की अजूनही मला त्याचा राग येतो, आणि राग ओसरायच्या आत डोळे भरून येतात. म्हणून ही हकीकत मी सहसा कोणाला सांगत नाही.

खामगावात कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, भाड्याच्या घराची पुढची खोली. मधल्या खोलीत संसार, मागे स्वयंपाकघर. महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि मी पोस्टात कारकून होतो. तेव्हा रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन काढावं लागे, आणि ते काम माझ्या खिडकीवर होतं. त्यामुळे गावात कोणाकडे कोणता रेडिओ आहे हे मला ठाऊक असायचं आणि तो कशानं बंद पडलाय हे निवृत्तीला. या धाग्यानं आमची ओळख झाली आणि पुढे रविवारची दुपार त्याच्या दुकानात काढायची मला सवयच लागली. चहा त्याचा, विडी माझी.

तो मूळचा सुलतानपूरचा. घरी शेती, आणि शेतीवर मोठा भाऊ कारभारी. मोठ्या लढाईच्या वेळी निवृत्ती घरातून पळाला आणि पलटणीत भरती झाला. तिथं त्याला बिनतारी संदेशाच्या तुकडीत घातलं. लढाई संपली, पण परतताना तो दोन गोष्टी सोबत घेऊन आला: कानावर चढवायचा एक काळा, जड हेडफोन आणि डोक्यात बसलेलं एक खूळ. भावानं नांगर धर म्हटलं. यानं खामगावात येऊन दुकान थाटलं. त्या दिवसापासून कारभारीच्या लेखी हा भाऊ वाया गेलेला होता.

खूळ असं होतं, की माणसाला गाणं कानात ऐकता यावं, एकट्याला, आणि कानापासून रेडिओपर्यंत तार नसावी. त्या सुमाराला ट्रान्झिस्टर आले होते. पट्टा खांद्याला लावून लोक ते बाजारात मिरवायचे. त्यांच्यासोबत एका कानात घालायची बोंडी यायची, तिला हातभर वायर. ती वायर पाहिली की निवृत्ती चिडायचा.

"हे काय, बाबूजी? बैलाले दावं बांधल्यावानी मानूस रेडिओले बांधून ठेवाचा?"

मग त्यानं स्वतःच एक करामत केली. मधल्या खोलीच्या चारही भिंतींना, आढ्याखालून, तांब्याची बारीक तार फिरवली. तिची दोन टोकं दुकानात आणली आणि रेडिओत बोंडी खुपसायची जी जागा असते, तिथं जोडली. तसं केलं की रेडिओचा आवाज बंद. बाहेर काही म्हणता काही ऐकू येत नाही. पण त्या पलटणीतल्या हेडफोनला त्यानं तारेची एक गुंडाळी आणि आगपेटीएवढी एक डबी लावली होती, आणि तो चढवून मधल्या खोलीत पाऊल टाकलं की कानात गाणं सुरू! खोलीत कुठंही जा, बसा, उठा, गाणं तुमच्यासोबत. मी स्वतः ऐकलं. थोडी घरघर होती, पण शब्द न् शब्द कळत होता. मी चक्रावून भिंतीकडे पाहत राहिलो आणि निवृत्ती माझ्याकडे पाहत हसत राहिला.

"आता ही तार भितीले हाये," तो म्हणाला. "उद्या तेही राह्यणार नाही. मानूस खिशात डबी घालून वावरात जाईन, बाजारात जाईन, अन् कानात गानं. बाजूच्याले पत्ता लागणार नाही. पाहा तुम्ही."

"मिस्त्री, पण बाजूच्याला पत्ता लागू नये असं कोणाला वाटतंय?" मी विचारलं. मला त्याची थट्टाच करायची होती, पण प्रश्न अगदी बरोबर होता. आमच्याकडे रेडिओ आख्ख्या गल्लीचा असायचा. ज्याच्या घरी तो असे त्यानं खिडकीत ठेवायचा आणि बाकीच्यांनी आपापल्या ओट्यावर बसून ऐकायचं. एकट्यानंच ऐकणारा माणूस तुसडा तरी, नाहीतर काही लपवणारा तरी. निवृत्तीनं एका कापसाच्या अडत्याला ही करामत नेऊन दाखवली, तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणाला, रेडिओ घेतल्याचं शेजाऱ्याले कळूच नाही द्याचं, तर मग घेऊ कायले? पानठेल्यावर हे महिनाभर चाललं. निवृत्ती दिसला की कोणीतरी विचारायचा, "काय मिस्त्री, आज कोन्या भितीचं गानं ऐकून राह्यले?"

त्याला राग येत नसे. तो म्हणायचा, लोकायले अजून गरज पडली नाही.

त्याच्या घरात मात्र मोठ्यानं गाणं वाजायचं. त्याचा एकुलता एक मुलगा अर्जुन कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होता. त्याचं लग्न मोताळ्याकडच्या पंजाबरावांच्या मुलीशी झालं. पंजाबरावांनी जावयाला ट्रान्झिस्टर दिला. पोरीचं नाव पुष्पा. ही पोर रेडिओसोबत गायची. भाकरी थापताना, भांडी घासताना, आणि आवाज असा मोकळा की दुकानात बसलेलं गिऱ्हाईक हातातलं काम विसरायचं. निवृत्तीची बायको झुंबरबाई कडक होती, पण तीही आतून म्हणायची, "पोरी, ते मघाचं पुन्हा म्हन वं."

सासरा सुनेशी बोलत नसे, हे सांगायला हवं. आमच्याकडे तशी रीतच होती. तो मधल्या खोलीत जायचा तर आधी खोकायचा. ती पदर ओढून बाजूला व्हायची. तिला काही सांगायचं तर तो झुंबरबाईला सांगे, आणि झुंबरबाई घरात नसली तर भिंतीला. "चहा असता तर बरं झालं असतं," असं तो भिंतीला म्हणायचा आणि थोड्या वेळानं उंबऱ्यावर चहाचा कप यायचा. दोघांत एक शब्द कधी झाला नाही, पण या माणसाचा त्या पोरीवर जीव होता.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा अर्जुनच्या पायात गंजका खिळा गेला. त्यानं चिंधी बांधली आणि कामावर गेला. आठवड्याच्या आत धनुर्वातानं तो गेला. त्याचं मरण मी पाहिलंय, पण त्याचं वर्णन मी करणार नाही.

मग पुष्पा कोपऱ्यात बसली. मधल्या खोलीचा एक कोपरा, खाली वाकळ, डोक्यावरून पदर. वर्षभर तिनं तिथून उठायचं नाही, असा तो दुखवटा. भेटायला बायका यायच्या. जी पहिल्यांदा येई ती उंबऱ्यातूनच हंबरडा फोडत येई आणि पुष्पाच्या गळ्यात पडे, आणि पुष्पानं तिच्यासोबत नव्यानं रडायचं. एकदा रडली म्हणून सुटका नाही. सकाळी एकीसोबत, दुपारी दुसरीसोबत. रडू आलं नाही तर बाहेर जाऊन ती बाई सांगणार, की डोळ्यात टिपूस नाही. ट्रान्झिस्टर झुंबरबाईनं ट्रंकेत घालून कुलूप लावलं. गल्लीतले रेडिओही बंद झाले. तेराव्यानंतर एकेक सुरू झाले, पण या घरात वर्षभर गाण्याचा सूर निघणार नव्हता. निवृत्तीचा धंदाच रेडिओचा, तर तो बिचारा दुरुस्त केलेला रेडिओ कानाला लावून, आवाज अगदी बारीक करून तपासायचा.

कारभारी तेराव्यालाच बोलून गेला होता, "लेकरू नाही, बाळ नाही. पोरीले तिच्या बापाच्या घरी धाडून द्या. इथं ठेवून काय करता?" झुंबरबाई त्यावर हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिच्या मनात एक अढी बसली होती. ही पोर घरात आली आणि वर्षाच्या आत लेक गेला. ती पुष्पाला टाकून बोलत नसे, पण तिच्याकडे पाहतही नसे. वाढलेलं ताट कोपऱ्याकडे सरकवायची आणि तोंड फिरवायची.

पुष्पाला माहेरी जायचं नव्हतं. तिची आई वारलेली, घरात दोन भाऊ आणि दोन भावजया. परत आलेल्या विधवा नणंदेचं तिथं काय होतं, हे आमच्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही. एका भेटायला आलेल्या बाईजवळ ती रडत म्हणाली होती, "मले येथंच पडू द्या. एका कोपऱ्यात पडू द्या." ते निवृत्तीनं दुकानातून ऐकलं होतं. वर्ष संपलं की कारभारी येणार आणि निकाल लावणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

हळूहळू पोर आटत गेली. ताट जसंच्या तसं परत यायचं. बोलणं बंद झालं. दिवसच्या दिवस भिंतीकडे पाहत बसायची. रडायला बायका आल्या की तेवढं रडायची, आणि त्या उठल्या की पुन्हा दगड.

"बाबूजी, पोरगी मरून राह्यली," निवृत्ती एकदा मला म्हणाला. एवढंच म्हणाला आणि कामाला लागला. त्यानं मग काही आठवडे दुकानाचं काम बाजूला सारलं. बहिऱ्या लोकांच्या यंत्रातल्या दोन बारीक बोंड्या कुठून तरी मागवल्या. दोन कानांत दोन, त्यांची वायर केसांतून मागे अंबाड्यापर्यंत, आणि अंबाड्यात लपेल अशी ती डबी. वरून पदर घेतला की कोणाला काही दिसणार नाही. भिंतीवरची तार जुनीच होती आणि तिच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं.

एका रविवारी झुंबरबाई शेगावला दर्शनाला गेली होती. मी नेहमीसारखा दुकानात बसलो होतो. निवृत्तीनं ती वस्तू माझ्यापुढे ठेवली आणि एकदम मोठ्या आवाजात बोलायला लागला. माझ्या कानठळ्या बसल्या.

"तर बाबूजी, ह्या दोन बोंड्या कानात घालाच्या! डबी अंबाड्यात खोसाची! डबीचा खटका उजवीकडं केला की सुरू, डावीकडं केला की बंद! मानूस आलं की बंद कराची, बाबूजी! अन् हे मी आता मधल्या कोनाड्यात ठेवून राह्यलो, घडोंचीच्या वर!"

"मला काय सांगता? मला कुठं अंबाडा आहे?" मी म्हणालो. त्यानं मला डोळ्यानं दाबलं आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. दाराच्या पलीकडे ती बसली होती. तो खोकला, आत गेला, वस्तू कोनाड्यात ठेवून बाहेर आला. दुरुस्तीला आलेल्या एका ट्रान्झिस्टरला तार जोडून त्यानं गाणी लावली. टेबलावर रेडिओ मुका. आम्ही दोघंही मुके. बऱ्याच वेळानं आत बांगडी नसलेल्या हातानं कोनाड्यातून काही उचलल्याची चाहूल लागली. मग कितीतरी वेळ काहीच नाही, आणि मग आतून हुंदका आला. भेटायला आलेल्या बायकांपुढे काढतात तसला तो नव्हता. निवृत्ती पदराआड तोंड लपवणाऱ्या बाईसारखा हातातल्या फडक्यात तोंड लपवून रडला.

त्या दिवशी संध्याकाळी ताट रिकामं परत आलं. पुढच्या आठवड्यात तिनं झुंबरबाईला मीठ मागितलं. निवृत्ती रोज दुपारी मुका रेडिओ लावायचा, कोनाड्यात नवे सेल ठेवायचा, जुने उचलायचा. सेल बदलायचा एवढाच काय तो सासऱ्या-सुनेचा व्यवहार. झुंबरबाईला वाटलं, महाराजांच्या दर्शनानं गुण आला. निवृत्तीनं तिला तसं वाटू दिलं. लोकांना अजून गरज पडली नाही, असं तो म्हणायचा. ती गरज त्याच्याच घरात पडली, याचं त्याला दुःख होतं आणि खरं सांगायचं तर अभिमानही होता. मला तो अभिमान दिसत होता. तो कोणाला तरी दाखवायला त्याचे हात शिवशिवत होते.

वर्ष सरत आलं होतं. असाच एक रविवार. निवृत्तीचं सामान जलंबवरून येणाऱ्या गाडीनं यायचं होतं, म्हणून तो मला दुकानात बसवून स्टेशनवर गेला. जाताना फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लावून गेला. मी मुक्या रेडिओपुढे पेपर वाचत बसलो होतो. तेवढ्यात दारात कारभारी उभा राहिला. सोबत तानुबाई. ही त्या दोघा भावांची आतेबहीण, लांब दिलेली, अर्जुनच्या मरणानंतर पहिल्यांदाच आलेली. मला खोकायलासुद्धा वेळ मिळाला नाही. तानुबाईनं दुकानातूनच "अर्जुनाऽऽ, माह्या राजाऽऽ" करून हंबरडा फोडला आणि आत धावली. मागून शेजारी गेलेली झुंबरबाई आली, गल्लीतल्या दोन-तीन बायका आल्या.

पुष्पाला काहीच ऐकू आलं नाही. दोन्ही कानांत बोंड्या. भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून बसली होती ती, आणि गात होती. गुणगुणत नव्हती हो, गात होती, पूर्वीसारखी, मोकळ्या गळ्यानं. नेमकं त्याच घडीला सुरू झालं असावं, तोवर दुकानात मला काही ऐकू आलं नव्हतं. आपला आवाज बाहेर पडतोय हे तिला कळतच नव्हतं. तानुबाई तिच्या गळ्यात पडायला वाकली होती ती तशीच वाकलेली राहिली. रडणं थांबलं. आख्ख्या घरात त्या एका पोरीचं गाणं.

कोणीतरी खांदा हलवला तेव्हा तिनं डोळे उघडले. समोर इतकी माणसं. ती घाबरून बोलून गेली, "गानं लागलं होतं ना."

"कुठं लागलं वं?" तानुबाईनं विचारलं. सगळ्यांनी दुकानाकडे पाहिलं. टेबलावर रेडिओ गप्प होता. मी गप्प होतो.

पुष्पानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी दारासमोरच बसलो होतो, म्हणून मला दिसलं. तिचा हात पदराखाली अंबाड्याकडे गेला आणि खाली आला तो डबी-बोंड्या मुठीत घेऊन वाकळेच्या आत गेला. मग ती झुंबरबाईकडे वळली. आवाज अगदी थंड होता.

"तुमच्या लेकानं लावलं होतं, आत्याबाई. रोज दुपारी लावतेत. मले एकटीलेच ऐकू येते."

मी पोस्टात आयुष्य घालवलंय, खोटं बोलणारी माणसं पुष्कळ पाहिलीत. त्या पोरीनं एका क्षणात काय ठरवलं आणि का ठरवलं, हे मला लख्ख कळलं. दुखवट्यात गाणी ऐकत होती म्हणाली असती तर त्याच दिवशी बाहेर, आणि ते यंत्र सासऱ्यानं दिलं म्हणाली असती तर त्याहून वाईट. म्हणून ती येडी झाली.

झुंबरबाईच्या तोंडातून एक आवाज निघाला. ती खाली बसली आणि इतक्या महिन्यांत जिनं त्या पोरीकडे पाहिलं नव्हतं, तिनं तिचं डोकं ओढून मांडीवर घेतलं. "माह्या लेकापायी येडी झाली वं माय! लोकायच्या सुना नवरा गेल्यावर दुसरं घर पाहतेत, अन् ही त्याची वाट पाहून पाहून येडी झाली!" ती तिच्या पाठीवरून हात फिरवत रडत होती आणि पुष्पा मांडीत तोंड खुपसून रडत होती. तानुबाई रडत होती. गल्लीतल्या बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. कारभारीनं डोक्यावरचं पागोटं काढलं.

"राहू द्या तिले येथंच," तो म्हणाला. "अर्जुनच्या नावानं पोसू. कमी पडलं तर दानं मी धाडीन. पतिव्रता हाये पोरगी, तिले कोनी बोलू नका."

झालं होतं. निकाल लागला होता. पोरीला घर मिळालं होतं, आणि सासूची मांडीही. मी पेपरात तोंड घालून देवाचे आभार मानत होतो.

आणि निवृत्ती आला.

दारातच गल्लीतल्या एका बाईनं त्याला सांगितलं, "मिस्त्रीबुवा, सून येडी झाली तुमची, नसलेलं गानं ऐकते." मी उठून त्याचा हात धरला. "मिस्त्री, गप्प बसा. एक अक्षर बोलू नका, सगळं चांगलं झालंय," असं त्याच्या कानाशी बोललो. त्यानं ऐकलंच नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याची सून येडी, हे त्याला सोसलं नाही. आणि वर्षानुवर्षं लोक त्यालाही येडाच म्हणत आले होते.

"येडी नाही ती!" तो आत जाऊन ओरडला. "माही सून येडी नाही, दादा! ते गानं खरं हाये! ते म्या लावलं!"

पुष्पानं मांडीवरून मान वर केली. तिनं डोक्यानं नाही-नाही केलं. सासऱ्याकडे न पाहता, जमिनीकडे पाहून. त्याला तेही दिसलं नाही. तो पळत दुकानात आला, फळीवरचा पलटणीतला हेडफोन काढला, आत गेला आणि भावाच्या डोक्यावर चढवला. कारभारी मधल्या खोलीत पागोटं हातात धरून उभा राहिला, कानावर त्या दोन काळ्या वाट्या. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. त्याच्या भुवया वर गेल्या.

"आयला," तो म्हणाला. "वाजते की रे."

"वाजते!" निवृत्ती म्हणाला. "तार नाही, काही नाही. असंच तिलेही केलं. दोन बोंड्या अन् एक डबी. अंबाड्यात." तो हसत होता. त्या घरात, त्या वेळी, तो माणूस हसत होता.

कारभारीनं हेडफोन काढून खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, "तिच्या अंबाड्यात ते खोसलं कोनं?"

निवृत्तीचं हसू तोंडावर तसंच राहिलं. "तिचं तिनंच. म्या फक्त कोनाड्यात ठेवलं."

"रोज?"

"सेल बदलाले लागते, दादा."

"झुंबरबाईले ठाव होतं?"

निवृत्तीनं खाली ठेवलेला हेडफोन उचलून हातात घेतला. बायकांनी पदर तोंडावर घेतले. मी आत गेलो. म्हणालो, कारभारीभाऊ, मी साक्षीला आहे, या दोघांत एक शब्द कधी झाला नाही. कारभारी माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाबूजी, हे आमच्या घरातलं हाये. तुमी जा." मी तरी बोलत राहिलो. माझं कोणी ऐकत नव्हतं.

झुंबरबाईनं पुष्पाच्या पाठीवरचा हात कधी काढला, ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं तेव्हा ती उठून उभी होती. तिनं वाकळ उचलून झटकली. डबी आणि बोंड्या फरशीवर पडल्या. "माह्या लेकाची राख थंडी नाही झाली," ती म्हणाली, "अन् तू येथं बसून गाने ऐकत होती? अन् मी तुले मांडीवर घेतलं?" नवऱ्याला ती काहीच बोलली नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी काहीच बोलली नाही, असं म्हटलं तरी चालेल.

पंजाबरावांना निरोप गेला. ते आले, ओट्यावरच बसले, पाणीसुद्धा प्याले नाहीत. एवढ्या काळात गल्लीत जे बोललं जायचं ते बोलून झालं होतं, आणि त्यांच्या कानावरही गेलं होतं. मी त्यांना गाठून सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं खरं असंन, बाबूजी. पन मले दोन सुना हाये घरात, त्यायले मी काय सांगू?"

एसटी स्टँडवर निवृत्ती लांब, एका खांबाशी उभा होता. मी त्याच्याजवळ होतो. पंजाबराव गाठोडं घेऊन पुढे, पुष्पा मागे, पदर कपाळाखाली ओढलेला. गाडी लागली. बाप गाडीच्या पायरीवर चढला आणि ती एकदम वळली, सरळ आमच्याकडे चालत आली. निवृत्ती सवयीनं मागे सरकला. ती त्याच्या अगदी समोर येऊन थांबली. स्टँडवरची माणसं पाहत होती. तिनं पदर मागे केला आणि सासऱ्याच्या डोळ्यांत पाहून बोलली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"मामाजी, मले येडी राहू द्याचं होतं. येडीले आत्याबाईनं मांडीवर घेतलं होतं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती तशीच वळली आणि गाडीत जाऊन बापाशेजारी बसली. कंडक्टरनं घंटी दिली.

निवृत्तीचे ओठ हलत होते. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर त्यानं माझा दंड पकडला.

"म्या खरंच सांगतलं ना, बाबूजी? खोटं तर नाही ना सांगतलं काही?"

"नाही," मी म्हणालो. "सगळं खरं सांगितलंत."